भिंगमास्तर आणि हिरव्या खोक्यावरचा तारा

आमच्या शेजारच्या भिंगमास्तरांना तुम्ही रस्त्यात पाहिलंत तर लगेच ओळखाल. चालता चालता हा माणूस एखाद्या दुकानासमोर थबकतो, शर्टाच्या खिशातून घडीचं छोटं भिंग काढतो आणि टांगलेल्या साबणाच्या जाहिरातीला असा डोळा चिकटवून उभा राहतो, की दुकानदाराला वाटावं, हा सरकारी तपासनीस तरी असेल किंवा याचं डोकं तरी फिरलं असेल. दोन्हीतलं काही नसतं. लाल रंग पिवळ्यावर नीट बसलाय का, एवढंच मास्तर बघत असतात. नसेल बसला तर "हं" म्हणतात. बसला असेल तरी "हं"च म्हणतात, पण तो जरा लांबवलेला असतो. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकलेली नाही. आणि आमच्या भिंती पातळ आहेत, म्हणजे ऐकायची सोय उत्तम आहे.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. खोक्यांच्या छापखान्यात ते मशीन चालवतात. साबणाची खोकी, औषधांची खोकी, बिस्किटांची खोकी. पोरवयात कागदाचे गठ्ठे उचलायला म्हणून तिथे शिरले आणि आता मोठ्या मशीनचे सर्वेसर्वा झालेत. छापखान्याचा एक नियम आहे, तो मास्तरांनी मला इतक्यांदा सांगितलाय की आता मी तो त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवते. मशीन सुरू झालं की पहिली चांगली शीट बाहेर काढायची, टेबलावर दिव्याखाली पसरायची, मास्तरांनी ती या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत भिंगातून बघायची आणि सगळं जुळलं असेल तर शिसपेन्सिलीनं कोपऱ्यात सही करायची. याला शीट पास करणं म्हणतात. सही होईपर्यंत सगळा छापखाना हातावर हात ठेवून उभा. मालकसुद्धा.

एकदा म्हणे दुधाच्या खोक्यांचा अख्खा ढीग मास्तरांनी रद्दीत घालायला लावला. मालक रडकुंडीला आले. "मास्तर, अहो झालंय तरी काय?"

"गाईचा डोळा गाईच्या बाहेर आलाय," मास्तर म्हणाले.

मालकांनी भिंग लावून पाहिलं. खरंच केसभर बाहेर आला होता. त्या गाईनं सुद्धा तक्रार केली नसती, पण मास्तरांनी केली.

आता अशा माणसाच्या डोक्यात काय बसतं, ते लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यातूनच घडलं. मास्तरांचं म्हणणं असं की तोंडाचं बोलणं वाऱ्यावर जातं, पण छापलेलं खोटं असूच शकत नाही. का? तर एक काना कमी पडला म्हणून हजारो खोकी रद्दीत जाताना त्यांनी डोळ्यांनी बघितली आहेत. जी माणसं स्वल्पविरामासाठी एवढा खर्च सोसतात, ती त्या स्वल्पविरामाच्या आजूबाजूला खोटं कशाला लिहितील? मी एकदा म्हटलं, "भाऊजी, निवडणुकीची पत्रकंही छापलेलीच असतात." तर म्हणाले, "ती एकरंगी असतात. त्यांची गोष्ट वेगळी."

त्यांच्या बायकोला मी ताई म्हणते. ताई घरीच शिवणकाम करतात. कुणाची चेन बदलून दे, कुणाची पँट आखूड करून दे, आणि ज्यांची पोटं सुटली आहेत त्यांची कंबर गुपचूप सैल करून दे. सगळ्या इमारतीची मापं त्यांना तोंडपाठ आहेत, पण तोंडातून कधी बाहेर पडलेली नाहीत. मला त्यातली दोन-चार मापं कळावीत म्हणून मी खूप गळ टाकले. नाही म्हणजे नाही. "तू रेडिओ आहेस," म्हणायच्या. "तुला सांगणं म्हणजे गच्चीवरून ओरडणं." हे मी तुम्हांला मुद्दाम सांगतेय. ज्या बाईच्या पोटात दुसऱ्याची कंबर इतकी सुरक्षित राहते, ती बाई खोटारडी असेल का, याचा विचार तुम्हीच करा.

ताईंना गोडाची आवड. चहा असा की चमच्यानं ढवळायला जोर लागावा. मग व्हायचं ते झालं, डॉक्टरांनी सांगितलं की रक्तात साखर वाढलीय. गोळ्या दिल्या, पथ्य दिलं आणि वर बजावलं, "आकडा खाली आला नाही, तर मग रोजची सुई." ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. मला हसू आवरेना. दिवसभर सुयांच्या डबीत हात घालणारी बाई! म्हटलं, "ताई, सुईला घाबरता?"

"कापडाला टोचणं वेगळं गं," त्या म्हणाल्या. "माझी आई शेवटी शेवटी पोटावर जागा शोधत बसायची, कालची कुठे टोचली, आज कुठे टोचू. मला ते नको. डॉक्टर सांगतील ते मी सोडीन. पण ती सुई मला नको."

आणि सोडलंही हो त्यांनी. डोळ्यांसमोर सोडलं. पहिले काही दिवस चहाचा घोट घेताना असं तोंड करायच्या, की शेजारणीलाच गलबलून यावं.

इथे मास्तरांनी कारभार हातात घेतला. साखरेची बरणी, जॅमची बाटली, पाहुण्यांसाठीचा चॉकलेटचा डबा, सगळं एका कपाटात गेलं आणि त्याला कुलूप लागलं. किल्ली मास्तरांच्या खिशात, भिंगाच्या शेजारी. आणि एका संध्याकाळी छापखान्यातून येताना ते बगलेत एक हिरवं खोकं घेऊन आले. लहान मूल पहिला नंबर दाखवायला येतं ना, अगदी तसे.

"हे बघ. आता तुला तोंड वाकडं करायला नको. माझ्या हातचं आहे."

बिस्किटं काही मास्तरांनी भाजली नव्हती. खोकं त्यांनी छापलं होतं. ऑर्डर पुरी झाली की बिस्किटवाले छापखान्यात काही भरलेली खोकी वाटायला पाठवायचे, त्यातलं हे एक. खोकं खरोखर देखणं होतं. वर गव्हाची लोंबी, तिच्याखाली लाल हृदय, हृदयाला हिरवं पान, आणि मधोमध ठळक अक्षरांत: "साखर अजिबात घातलेली नाही." त्याच्या शेपटीला एक इवलासा तारा. खाली लिहिलेलं, "सगळ्या धान्याचा कस. साखर सांभाळणाऱ्यांचा सोबती." बाजूला पांढऱ्या कोटातला एक हसरा माणूस अंगठा वर करून उभा. तो डॉक्टर आहे असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण पांढऱ्या कोटात हसत उभा राहणारा माणूस दुसरा कोण असणार? न्हावी?

ताईंनी एक बिस्किट खाल्लं. डोळे मोठे झाले. "अहो, हे चांगलं गोड लागतंय."

"धान्याचा गोडवा आहे तो."

"धान्य इतकं गोड असतं?"

"कस काढलाय ना सगळा. लिहिलंय ते वाच." मास्तरांनी भिंग लावून त्या ताऱ्याकडे कौतुकानं पाहिलं. "आणि हा तारा बघ. पाचही टोकं सुटी. एवढ्या बारीक कामात शाई भरते आणि ताऱ्याचा डाग होतो. माझ्या मशीनवर नाही होत."

तारा कशासाठी आहे, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. ताईंनी नाही, मास्तरांनी नाही. मी पण तिथेच होते, पण माझं तोंड बिस्किटानं भरलेलं होतं.

झालं. घरात हिरव्या खोक्याचं राज्य सुरू झालं. सकाळच्या चहाबरोबर बिस्किटं, अकराला भूक लागली की बिस्किटं, दुपारी शिवण आवरलं की बिस्किटं. ताई पाव खायला गेल्या तर मास्तर म्हणायचे, "पाव कशाला? हे खा ना, सोबती आहे." फुकटची खोकी संपली तर दुकानातून आणायचे. जिन्यात भेटेल त्याला सांगायचे. तळमजल्यावरचा इस्त्रीवाला, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई, सगळ्यांना शिफारस. कंपनीनं पगार देऊन ठेवला असता तरी एवढा इमानी माणूस तिला मिळाला नसता.

पुढचा रिपोर्ट आला. आकडा चढलेला.

मास्तरांनी तो रिपोर्ट भिंगातून बघितला. मी विनोद करत नाही, खरोखर बघितला. छपाई स्वच्छ होती. मग ते ताईंकडे वळले. "काय खाल्लंस?"

"तुम्ही दिलं तेच."

"आणखी काय?"

"आणखी काही नाही हो."

"मग हा आकडा काय हवेतून आला?"

त्या दिवसापासून मास्तर गुप्त पोलीस झाले. शिवणयंत्राचा खण उघडून बघायचे, दोऱ्यांच्या रिळांखाली हात घालायचे. कुलपाच्या आत असलेल्या जॅमच्या बाटलीवरसुद्धा शिसपेन्सिलीनं रेघ मारून ठेवली, पातळी कळावी म्हणून. म्हणजे किल्ली स्वतःच्या खिशात आणि संशय बायकोवर! ताई बाहेरून आल्या की जवळ जाऊन हुंगायचे. ताई आधी हसायच्या. मला म्हणाल्या, "लग्न झालं तेव्हा एवढे जवळ येत नव्हते गं." मग हसणं बंद झालं.

रिपोर्ट पुन्हा चढला.

आणि मग तो जिन्याचा प्रसंग घडला. ताई माझ्याकडून निघाल्या होत्या, हातात झाकलेली वाटी. मास्तर खालून कामावरून येत होते. पायरीवरच थांबले.

"वाटीत काय आहे?"

"बटणं."

"दाखव."

ताईंनी झाकण काढलं. आत बटणंच होती. माझ्या उशांच्या खोळींची, लावून हवी होती म्हणून मीच दिलेली. पण मास्तरांनी काय करावं? भिंग काढलं आणि बटणं तपासली. मला हसू फुटलं. "भाऊजी, चाटूनही बघा एखादं. कदाचित पेपरमिंट निघेल."

मास्तरांच्या डोक्यात तिडीक गेली. आवाज असा चढला की इस्त्रीवाला खाली इस्त्री उभी करून बाहेर आला. "आज बटणं असतील! रोज काय असतं? तुम्ही हिला चोरून गोड खायला घालता, मला काय कळत नाही? आणि तू! रिपोर्ट खोटं बोलत नाही. खोकं खोटं बोलत नाही. मग खोटं बोलणारं राहिलं कोण? चोरून खातेस आणि वर तोंड करून मला सांगतेस!"

वरच्या मजल्यावर नर्सबाईंचं दार उघडलं. बंद झालेलं काही ऐकू आलं नाही.

मी माझ्या वाट्याची शिवी परतवायला तोंड उघडलं होतं. पण ताईंकडे पाहिलं आणि ते तसंच मिटलं. त्या वाटीवर झाकण ठेवत होत्या. ते बसत नव्हतं. झाकण तसंच दाबून धरून घरात गेल्या. मागोमाग मास्तर गेले, आणि त्या पातळ भिंतीतून मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. ते मला भांडणापेक्षा वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी स्वतःहून मास्तरांना सांगितलं, "सगळंच कुलपात घाला. दूधसुद्धा. मी माझ्या हातानं काही घेणार नाही. तुम्ही द्याल ते खाईन, देणार नाही ते नाही. रेडिओच्या घरीही जाणार नाही. मग तर पटेल?"

मास्तर खूश. त्यांना वाटलं, चोर शरण आला.

मग ते स्वतः मोजून-मापून देऊ लागले. उकडलेली भाजी, अंडं, गोळ्या. आणि बाई कोमेजली आहे, काहीतरी तोंडात गोड हवं म्हणून मायेनं, हो, मायेनंच, हिरव्या खोक्यातली बिस्किटं पूर्वीपेक्षा जास्त. ताई आमच्या घरी यायच्या थांबल्या. मीच कधी कात्री मागायला, कधी सुईदोरा मागायला म्हणून जायचे. एकदा त्या हळूच म्हणाल्या, "मला ना, आता कधी कधी वाटतं, मी खरंच झोपेत उठून खात असेन का गं?"

"झोपेत? कुलूप तोडून?"

"मग आकडा कशानं वाढतो? सांग ना. मला माझीच शंका यायला लागलीय."

तिसरा रिपोर्ट आला तो सगळ्यांत चढा. मास्तर त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि डॉक्टरांच्या तोंडावर म्हणाले, "ही चोरून खाते. मी सगळं करून थकलो." डॉक्टर घाईत होते. ते हिरव्या खोक्याबद्दल कसे विचारणार? मास्तरांनी सांगितलंच होतं, गोड पूर्ण बंद आहे, बिस्किटंसुद्धा बिनसाखरेची. मग डॉक्टरांनी ताईंना लहान मुलाला समजावतात तसं समजावलं, की ताई, फसवताय ते आम्हांला नाही, स्वतःला फसवताय. आणि सुई लिहून दिली.

ताई घरी आल्या आणि स्वयंपाकघराचे फळे रिकामे करायला लागल्या. मन उडालं की त्या साफसफाई काढतात. माझं मन उडालं की मी दुसऱ्याकडे जाते, म्हणून मी कात्री परत करायच्या निमित्तानं तिथे होते. संध्याकाळची वेळ. मास्तर बाहेरच्या खोलीत पायमोजे काढत बसलेले.

त्यांच्या घरात फळ्यांवर कागद घालायला कधी विकत आणत नाहीत. छापखान्यात रंग हललेली, कापलेली पण घडी घालून न चिकटवलेली खोकी रद्दीत जातात, त्यातली मास्तर आणतात. जाड, गुळगुळीत, पुसता येतात. एका फळीवर शाम्पू, एका फळीवर टूथपेस्ट, आणि वरच्या फळीवर ते हिरवं खोकं, सपाट पसरलेलं, हातपाय ताणून झोपल्यासारखं.

ताईंनी डबे उतरवले. फडकं फिरवता फिरवता थांबल्या. "अगं, हा तारा बघ."

"तो मास्तरांचा लाडका तारा."

"तो नव्हे. हा दुसरा. खाली."

मी वाकून पाहिलं. खरंच, खोक्याच्या तळाला जी पट्टी आत घडी घालून चिकटवतात, तिच्यावर आणखी एक तारा होता, तसाच, आणि त्याच्यापुढे मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत एक ओळ. दुकानातलं खोकं हातात घेतलंत तर ही ओळ तुम्हांला दिसणार नाही. ती तळाच्या आत, गोंदाखाली असते. वाचायची तर बिस्किटं ओतून खोकं उसवायला हवं. ते कोण करतं? ती ओळ डोळ्यांसमोर सरळ, सपाट, दिव्याखाली बघणारी माणसं जगात थोडीच, आणि त्यांतला एक बाहेर पायमोजे काढत होता.

ताईंनी डोळे बारीक केले. दिसेना. मलाही दिसेना, माझा चष्मा घरी. "अहो," ताईंनी हाक मारली, "जरा इकडे या. भिंग घेऊन या."

मास्तर आले. एक पाय उघडा, एकात मोजा. "काय झालं?"

"ही ओळ बघा."

भिंग म्हटलं की मास्तरांचा राग विरघळतो. वाकले, डोळा लावला आणि सवयीनं कोपऱ्यापासून सुरुवात केली. "हं," म्हणाले. मग लांबवून, "हंऽऽ. हा रंग हललेला कागद आहे, तरी अक्षर बघ. कुठेही भरलेलं नाही. वेलांट्या मोकळ्या. सुबक आलंय."

"सुबक आलंय ते कळलं," ताई म्हणाल्या. "लिहिलंय काय?"

मास्तरांनी भिंग परत पहिल्या अक्षरावर नेलं. किती वर्षं या माणसानं ही ओळ बघितली असेल! प्रत्येक खेपेला, पहिल्या शीटवर, भिंगातून, एकेक अक्षर करून. काना तुटला का, अनुस्वार उडाला का, शाई साचली का. पण वाचलं कधीच नव्हतं. छापणाऱ्याला वाचत बसून चालत नाही, वाचायला लागलं की डोळा अर्थावर घसरतो आणि तुटलेला काना सुटून जातो. हे मास्तरांनीच मला अभिमानानं सांगितलं होतं.

"वाचा ना," ताई म्हणाल्या.

मास्तर वाचायला लागले, पहिलीतल्या मुलासारखे. "साखर... म्हणजे... वरून घातलेली... दाणेदार साखर. खजुराचा पाक... द्राक्षाच्या रसाचा घट्ट अर्क... आणि माल्ट... यांतील साखर... यात... धरलेली नाही."

ताईंनी त्यांच्या हाताखालचा तो कागद फिरवून दुसऱ्या कडेची बारीक अक्षरं पुढे केली. "हेही."

"मैदा," मास्तर वाचू लागले. "खजुराचा पाक. वनस्पती तेल. द्राक्षाचा अर्क... माल्ट..." आवाज बारीक होत गेला. "अख्खा गहू... शेकडा चार."

"सगळ्या धान्याचा कस," मी म्हटलं. मला राहवेना.

त्याच्याखाली चौकट होती, किती खाल्लं की किती साखर पोटात जाते त्याची. आकडा अगदी लहान होता. मास्तरांच्या जिवात जीव आला. "हे बघ, कमीच आहे..." आणि मग वरची ओळ त्यांनी वाचली. तो आकडा अर्ध्या बिस्किटाचा होता.

"अर्धं बिस्किट कोण खातं हो?" ताईंनी विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता. मग त्या खाली बसल्या, डब्यांच्या पसाऱ्यातच. मला वाटलं, आता रडतील. रडल्या नाहीत. मास्तरांकडे असं बघितलं, की मीच दाराकडे सरकले. पण गेले नाही. इतक्या मोठ्या गोष्टीला साक्षीदार लागतो.

"कंपनीनं फसवलं," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "अगं, केसानं गळा कापला माझा. माझ्याच मशीनवर, माझ्याच हातून..."

"तुम्हांला कंपनीनं फसवलं," ताई म्हणाल्या. "मला कुणी फसवलं?"

"मला माहीत नव्हतं गं."

"तुम्हांला माहीत नव्हतं, ते मला कळलं. पण मी सांगत होते ना? रोज सांगत होते. गोड लागतंय, म्हणाले. दुसरं काही खात नाही, म्हणाले. खोक्याचं छापील होतं म्हणून ते खरं, आणि माझं तोंडी होतं म्हणून खोटं? खोक्याशी लग्न लागलं होतं का तुमचं?"

मास्तरांनी भिंगाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी ते छापखान्यात मालकांसमोर गेले. काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं, पायरीवर बसून, आणि मी एकदाही मध्ये बोलले नाही. मालक भला माणूस आहे. त्यानं चहा मागवला. म्हणाला, "मास्तर, मजकूर गिऱ्हाईकाचा. आपण नुसते छापणारे."

"पण तो तारा तळाला नेऊन गोंदाखाली घातलाय. कुणाला दिसू नये म्हणून."

"छापलाय की नाही? मग झालं. तारा आहे म्हणजे सगळं नियमात आहे." मग मालक प्रेमानंच म्हणाले, "आणि मास्तर, शीट पास कुणी केली? सही तुमचीच आहे ना कोपऱ्यात?"

मास्तर उठून मशीनवर गेले. त्याच आठवड्यात हिरव्या खोक्याची नवी ऑर्डर लागली. पहिली शीट निघाली, दिव्याखाली पसरली, सगळे उभे राहिले. रंग जुळलेले होते, तारा सुटा होता, अक्षरं मोकळी होती. मास्तरांनी पेन्सिल टेबलावर ठेवली आणि सही केली नाही. "काय चुकलंय?" मालकांनी विचारलं. मास्तर म्हणाले, "मजकूर." मालक हसले. मग दुसऱ्या मशीनवरच्या माणसाला बोलावलं. त्यानं भिंग न लावताच सही ठोकली. खोकी छापली गेली. आजही दुकानात आहेत, पांढऱ्या कोटातला तो माणूस अंगठा वर करून उभा आहे. दुकानदाराला मास्तर सांगायला गेले तर तो म्हणाला, "अहो, तुम्हीच तर सगळ्यांना सांगत होतात घ्या म्हणून! आता खपतंय तर मी बंद करू?"

घरी ताई बोलत होत्या, पण कामापुरतं. मास्तरांनी कपाटाचं कुलूप काढलं. ताईंनी ते परत लावलं आणि किल्ली आपल्या सुयांच्या डबीत टाकली. मास्तर म्हणाले, "माझं चुकलं." ताई म्हणाल्या, "इथे नका सांगू. इथे तुम्ही मला चोर म्हणाला नव्हतात."

मास्तरांना कळलं. मलाही कळलं. भिंत पातळ आहे.

एका रविवारी सकाळी, सगळे घरात असताना, मास्तर जिन्यात येऊन उभे राहिले. त्याच पायरीवर. या माणसाला चारचौघांत बोलता येत नाही, 'हं' च्या पुढे गाडी जात नाही. घसा खाकरला. पुटपुटले, "ही चोरून खात नव्हती."

घरातून ताईंचा आवाज आला, "मोठ्यानं. त्या दिवशी वरपर्यंत ऐकू गेलं होतं."

मास्तरांनी श्वास घेतला आणि ओरडले, "माझी बायको चोरून खात नव्हती! ती खरं बोलत होती! खोटं त्या खोक्यावर होतं, आणि ते मी तिला रोज हातानं भरवलं! तुम्ही पण कुणी ती बिस्किटं खाऊ नका!" खाली इस्त्रीवाला बाहेर आला. वर नर्सबाईंचं दार उघडलं. त्या कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "अहो, माझ्याकडे दोन खोकी भरलेली आहेत, त्यांचं काय करू?" मला हसू आलं, पण मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, म्हणून मी ते गिळलं.

ताई बाहेर आल्या नाहीत. थोड्या वेळानं दारातून एक कप चहा पुढे आला. तो माझ्यासाठी होता.

पुढचा रिपोर्ट उतरला. बराच उतरला. डॉक्टर म्हणाले, "बघा, मनावर घेतलं की जमतं." ताईंनी त्यांना काही सांगितलं नाही, मास्तरांनीच खोक्याचा तो सपाट कागद टेबलावर पसरून दाखवला. डॉक्टरांनी तो बघितला, चष्मा काढला, पुन्हा घातला. सुईचं प्रमाण कमी करून दिलं. पण इतक्यात पूर्ण थांबवता येणार नाही म्हणाले. आता ताई रोज सकाळी शिवणयंत्राच्या खुर्चीवर बसून पोटावर जागा शोधतात. कालची कुठे, आजची कुठे.

परवा मी गेले तेव्हा तेच चाललं होतं. मास्तर जवळ उभे होते. म्हणाले, "मी टोचून देऊ का? हात हलत नाही माझा."

"नको," ताई म्हणाल्या. "तुम्ही फक्त बाटलीवर काय छापलंय ते बघा."

टोमणा चांगला खोल गेला. मास्तरांनी भिंग काढलं. बाटली उजेडाकडे धरली. मी वाट बघत होते, आता "हं" येईल. आलं नाही. वेलांट्या मोकळ्या आहेत की भरल्यात, तेही बोलले नाहीत. औषधाचं नाव, किती ताकदीचं, कधीपर्यंत चालेल, खालची बारीक ओळसुद्धा, सगळं मोठ्यानं, सावकाश, अर्थ लावत वाचलं.

ताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हात पुढे केला, त्यांच्याकडून भिंग घेतलं, बाटली घेतली आणि सगळं पुन्हा एकदा स्वतः वाचलं.